बसायचं राहून गेलं

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जातात आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्याकडे बसायला जातात. ही दोन वेगळी जाणी आहेत आणि दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत. आजाऱ्याकडे जाताना हातात फळं घ्यायची, हसून बोलायचं, चार दिवसांत फिरायला लागशील म्हणायचं, चहा घ्यायचा, उठताना 'येते बरं' म्हणायचं. बसायला जाताना रिकाम्या हातानं जायचं. सतरंजीवर टेकायचं, 'कसं झालं' एवढं विचारायचं आणि समोरचं माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतं ते सगळं ऐकून घ्यायचं. चहा मागायचा नाही. आणि उठताना 'येते' म्हणायचं नाही, कारण अशा कामासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. हे पांढुर्ण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं डोकं आपटून घेतल्यावर कळलं की शहाण्यासुरत्या माणसांनाही आता माहीत नाही.

माझी आई या कामात एकदम पक्की होती. बसायला जायची तिची एक वेगळी साडी होती, फिकट निळी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती पेटीत अगदी वर ठेवलेली असायची, कारण बोलावणं कधी येईल सांगता येत नाही. तिगावला कोणी गेलं की पॅसेंजरनं तिगाव. मोहगावला कोणी गेलं की सौंसरची बस, तिथून दुसरी बस. मी कॉलेजात असताना एकदा चिडून म्हटलं होतं, "आई, त्या म्हातारीला तू धड ओळखत नाही. कायले जाऊन राहिली इतक्या उन्हात?"

"मग? ऐकायला ओळख काय करायची हाय?" म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन निघाली. जेवायची वेळ टळून गेल्यावर आली, मागच्या दारातून, आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात शिरली. दमलेली होती, पण चेहरा ठीक होता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. कापसाच्या अडतीवर मुनीम म्हणून जन्म काढलेला माणूस, कधी सर्दीलाही घरी न बसलेला. भाऊ नागपूरला नोकरीला आहे. त्यानं तिकडं दिवसभर फोन फिरवून एक बेड मिळवला आणि इकडं गाडी बोलावली. मी मागच्या खोलीत तापानं पडलेली होते, दार बाहेरून ओढून घेतलेलं. गाडी आल्याचा आवाज ऐकला, दार आपटल्याचा ऐकला, गाडी गेल्याचा ऐकला. एवढाच माझा निरोप. पुढं ते तिकडंच गेले, तिकडंच जाळले, भावानं लांब उभं राहून पाहिलं. पांढुर्ण्याला त्यांचं काहीच परत आलं नाही. चपलासुद्धा नाही.

बातमी आली त्या दिवशी आईनं पुढच्या खोलीतली खाट उभी केली, झाडू मारला आणि सतरंजी अंथरली. मोठी, लाल-काळ्या पट्ट्यांची, लग्नाकार्यातली. मग एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली, दाराकडे तोंड करून. दाराबाहेर नगरपालिकेनं बांबू आडवे बांधून ठेवले होते. गल्लीत कुत्रं फिरत नव्हतं.

कोण येणार होतं? कोणी आलं नाही. शेजारची बाई डबा भिंतीवर ठेवायची आणि आत पळून मग ओरडायची, डबा ठेवला हो. सख्खी माणसं फोनवर होती. फोनवर कोणी किती रडणार. रेंज जायची, मग 'हॅलो हॅलो' करण्यातच रडणं संपायचं. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, आणि त्याच्या खाली कोणीतरी लगेच काढ्याची कृती टाकली. तेरवीला भटजी व्हिडिओ कॉलवर होते. मी त्या दिवसांत कोणावर रागावले नाही. सगळेच भ्यायलेले होते, मी पण होते. राग पुढचा आहे.

बांबू सुटले. बाजार उघडला. शाळा उघडली, मी सौंसरच्या शाळेत शिकवते, रोज बसनं जाणं-येणं, ते सुरू झालं. लग्नं लागली आणि लोकं अशी जेवायला तुटून पडली की जसं काही झालंच नव्हतं. आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी तशीच. मी उचलायला गेले की आई नुसती हात आडवा करायची. बोलायची नाही. पहाटे उठून तिथं बसायची, दुपारी तिथंच, संध्याकाळी तिथंच. रात्री पाठ टेकवायची पण झोप नाही. आंघोळ कर म्हटलं की करायची, नाही म्हटलं तर राहायची. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. आणि चहा सोडला. जिला सकाळी चहा मिळेपर्यंत तोंडातून शब्द फुटत नसे, ती चहा करायची, मला द्यायची, स्वतः घ्यायची नाही. मला वाटलं पित्त झालं असेल.

"आई, काय होऊन राहिलं तुला?"

"काही नाही."

"बाबांची आठवण येते?"

यावर ती माझ्याकडे असं पाहायची, जणू मी काही वेडंवाकडं विचारलं. एकदा म्हणाली, "तुले काय सांगू? तू तं घरातलीच हाय." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, फक्त लागलं फार.

मग डॉक्टर सुरू झाले. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. दुसऱ्यानं शुगर, थायरॉइड, ताकदीचे इंजेक्शन. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की तो उच्चारणाऱ्याच्या तोंडावर ती फाइल मारावी वाटायची. बाई तुमच्यासमोर वाळून चालली आहे आणि तुम्ही मला कागदावर बोट ठेवून सांगता की नॉर्मल. शेवटी मीच भावाला फोन केला की मनाच्या डॉक्टरकडे नंबर लाव. तो हळूच म्हणाला, "घरात कोणाला सांगू नको पण." कोणाला सांगणार होते, घरात मी आणि आई.

ती डॉक्टरीणबाई चांगली होती, हे आधी सांगून टाकते. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. हे डिप्रेशन आहे म्हणाली, हा आजार आहे, गोळ्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करू नका. त्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि कोणी विचारलं तर मी सांगते की चालू आहेत. झोप त्यांनीच आणली. पण आईनं तिच्यासमोरही तोंड उघडलं नाही. काय होतं विचारलं तर "झोप नाही येत" एवढंच. बाहेर निघताना डॉक्टरनं मला थांबवून विचारलं, "मिस्टरांच्या जाण्याबद्दल बोलतात का कधी?"

"नाही."

"बोलू द्या त्यांना."

मी काय तिच्या तोंडाला कुलूप लावलं होतं?

परतीच्या गाडीत आमच्या गल्लीतली एक बाई भेटली. नागपूरच्या गाडीत पांढुर्ण्याचं कोणी भेटणार नाही हे शक्यच नाही. आम्ही दातापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्याला नागपूरला जातो. तिनं विचारलं, "काऊन बाई, डोळे दाखवायले नेलं होतं का आईले?" नेहमीचं उत्तर तयार होतं: हो, डोळे. सगळे तेच सांगतात. मला काय झालं कोण जाणे, डोकं दिवसभर तापलेलंच होतं. मी म्हटलं, "नाही. मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. आई आजारी आहे." त्या बाईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग पांढुर्णा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती, जसं तिनं ती शेतं जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे माणसं यायला लागली.

दोन वर्षं ज्या दारात कुणाची सावली पडली नाही, तिथं चपलांचा ढीग. मला आधी बरं वाटलं, खरं सांगते. पहिली आली ती काकू. तिला दारात पाहून आई सतरंजीवर सरळ बसली, पदर डोक्यावर घेतला, हात मांडीवर ठेवले. कित्येक महिन्यांत मी तिला अशी तयार बसलेली पाहिली नव्हती. आणि काकूनं आत येऊन काय केलं, तर एवढी मोठी संत्र्यांची थैली आईच्या मांडीवर ठेवली. घरच्या बागेतले हायेत, गोड निघाले औंदा, आणि तोंडभर हसली. "काय वहिनी, काय करून घेतलं हे? चार दिवसांत ठणठणीत होता का नाही पाहा."

आईनं थैलीकडे पाहिलं. काकूकडे पाहिलं. पदर खाली गेला. मग ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी काकूला कोपऱ्यात घेतलं. "काकू, बाबांचं विचारा नं तिला. कसं झालं ते."

"छे बापा. ती गोष्ट काढूच नको तिच्यासमोर. डोक्यावर जोर पडते."

"काढा म्हणून राहिले नं मी. तुम्ही बसायला आल्याच नाही, काकू. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

"आता दोन वर्षांनी रडत येऊ का? तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, दुखवटा झाला. लोक काय म्हणतीन? अन् तिची तब्येत अशी." मग आवाज खाली करून, "सौंसरकडे त्या देवस्थानात नेऊन पाहा एकदा. काही बाहेरचं असन तं निघून जाते."

काकूनं चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली, बागेला यंदा पाणी कसं पुरलं नाही ते सांगितलं, आणि उठताना म्हणाली, "येते बरं वहिनी." आई दारापर्यंत सोडायला गेली. परत आली, सतरंजीवर बसली, आणि रात्री जेवायला उठली नाही.

त्यानंतर ओळ लागली. प्रत्येकीच्या हातात संत्रे. आमचा भागच संत्र्याचा, बाजारातून काही आणायची गरजच नाही, बागेत हात घातला की झालं. मटाराच्या टोपलीत संत्रे, पिठाच्या डब्यावर संत्रे, फ्रिजमध्ये संत्रे. आणि प्रत्येकीचं हसणं तेच. टीव्ही पाहत जा. भजनाला ये. नातवंडात मन रमव. एकीनं मोबाइलवर हसण्याच्या क्लबचा व्हिडिओ दाखवला, बागेत उभं राहून माणसं हा हा करताहेत, आणि आईला म्हणाली, तुम्हीपण करा. आईनं तो पूर्ण पाहिला. मग विचारलं, "चहा घेता नं?" बाबांचं नाव कोणाच्याच तोंडून निघत नव्हतं. भिंतीवर बाबांचा फोटो हार घालून टांगलेला, आणि येणारी प्रत्येक बाई त्या फोटोला अशी वळसा घालून बसायची की जणू तिथं पाल आहे. आईला सगळ्या मिळून आजारी करून राहिल्या होत्या. ती आजारी होती, मान्य. पण ती आधी विधवा झाली होती, आणि ते एकाही माणसानं तिच्या घरी येऊन कबूल केलं नव्हतं.

एक दिवस माझा बांध फुटला. दूरच्या नात्यातली एक वहिनी आली होती, हातात थैली, तोंडावर तेच हसू. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "संत्रे घेऊन आल्या असाल तर परत जा. रिकाम्या हातानं रडायला आल्या असाल तर आत या." ती वहिनी थैली तिथंच ठेवून पाठमोरी निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरीण फार माजली, आईच्या डोक्याचं पोरीच्या डोक्यातही शिरलं. भावाचा फोन आला, त्याचा सूर माझी समजूत घालायचा. त्यालाही दोन ऐकवले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर रडले, पण रागानं. त्यातलं बाबांसाठी काहीच नव्हतं.

अशातच पांढुर्णा जिल्हा झाला, चौकात फटाके फुटले, पेढे वाटले. आमची डॉक्टर नागपूरलाच राहिली. मी महिन्याच्या महिन्याला आईला घेऊन जात होते आणि माणसं पिशव्या जवळ ओढत होती.

मग मोहगावहून लग्नाची पत्रिका आली. आईची मावसबहीण, माझी मावशी, तिच्या नातवाचं लग्न. मावशीचे मालक आणि आमचे बाबा एकाच लाटेत गेलेले, थोड्या दिवसांच्या फरकानं. मावशीचा मुलगा पत्रिका देऊन, अक्षता ठेवून घाईत निघून गेला. आईनं पत्रिका हातात घेतली. उलटी-सुलटी केली. मी भाजी निवडत होते.

"मी बसायला नाही गेली," आई म्हणाली.

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"तिच्या घरी बसायलेच गेली नाही मी. लग्नाले कशी जाऊ? कोणतं तोंड घेऊन जेवायले बसू?"

इतकं लांब ती किती दिवसांत बोलली नव्हती. आणि ते पद्धतीतच होतं; ज्या घरी दुःखाला गेलो नाही त्या घरी आधी सुखाला जाता येत नाही, निदान आईच्या हिशेबात तरी. मी म्हटलं, "मग उद्या जाऊ." तिनं विचारलं, "तुझी शाळा?" मी म्हटलं, "शाळा गेली खड्ड्यात."

सकाळी तिनं पेटी उघडून फिकट निळी साडी काढली. अंगावर ती दोन वेढे जास्त बसली. निघताना मी सवयीनं संत्र्यांची थैली उचलली, एवढा ढीग पडला आहे, तेवढाच कमी होईल. आई दारात थांबली. "रिकाम्या हातानं जातात," म्हणाली. मी थैली मुकाट्यानं खाली ठेवली. इतक्या बायांना जे सांगताना माझा घसा सुकला होता, तेच मी करून राहिले होते.

मोहगावला मावशीच्या घरी भिंतींना नवा रंग लागत होता. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. दारात मावशीची सून भेटली, हाताला हळद, चेहरा आनंदाचा. आईची निळी साडी आणि डोक्यावरचा पदर पाहून तो उतरला. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, बसायले आल्या का ह्या? आता? लग्नघर हाय. सासूबाई आत्ताच कुठं हसून-बोलून राहिल्या. जुनं नका काढू आता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या लांब, दोन बस बदलून, आणि इथंही तेच. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत मावशीचा आवाज आला, कोण हाय. आणि आई, माझी न बोलणारी आई, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून हेल काढून रडायला लागली. लहानपणी तो आवाज मला लाज आणायचा. बहिणीचं नाव घेऊन, भाऊजींचं नाव घेऊन, मी आली नाही नं माय, तुझ्याजवळ मी आली नाही.

मग मावशी आली. काठाची साडी होती अंगावर, लग्नाच्या तयारीतली. तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि आईच्या गळ्यात पडली. सुनेला म्हणाली, "तुम्ही सगळे तिकडं जा बरं. रंगवाल्यालेही सांग, थोडा वेळ थांब म्हणा."

सतरंजी नव्हती, एका पोत्यावर दोघी बसल्या. आईनं डोळे पुसले आणि विचारलं, "कसं झालं?"

मावशीनं सांगितलं. ते तिचं आहे, मी इथं लिहीत नाही. पहिल्यापासून सांगितलं, मधे थांबली, पुन्हा मागं गेली, एखादी गोष्ट दोनदा सांगितली. आई 'हो माय', 'मंग?' एवढंच म्हणत होती. रंगवाला अंगणात विडी ओढत बसला होता. सांगून झाल्यावर मावशीनं नाक पुसलं आणि आईकडे वळून विचारलं, "आन् आमच्या भाऊजींचं कसं झालं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं आता ती 'काही नाही' म्हणेल.

"त्यायले दम लागत होता," आई म्हणाली. "पोराचा फोन आला का बेड मिळाला, गाडी पाठवली. मी शर्ट काढून ठेवला. त्यायनं सोतःच्या हातानं घातला, बटन मीनं लावले. गाडी दारात आली अन् तो मानूस बाहीरूनच वरडे, चला, चला. मंग हे मले म्हणे, अर्धा कप चहा दे. मी म्हटलं, गाडी उभी हाय, आल्यावर घ्या." तिनं हातांकडे पाहिलं. "चहा होता, बाई. गॅसवर उकळून राहिला होता. गाळायचाच होता. मी गॅस बंद केला अन् म्हटलं, आल्यावर घ्या. त्यायनं हो म्हटलं. अन् गेले."

मी मागच्या खोलीत होते. मी गाडीचा आवाज ऐकला होता. ह्या घरात मी दोन वर्षं तिच्या हातचा चहा पीत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

मावशीनं 'असं मनाला लावून घेऊ नको' म्हटलं नाही. 'देवाची इच्छा' म्हटलं नाही. तिनं मान हलवली. "गाळायचाच होता," ती म्हणाली.

"गाळायचाच होता," आई म्हणाली, आणि मग खरी रडली, आवाज न करता, खांदे हलत होते. मावशीनं तिला रडू दिलं. मलाही कोणी हात लावला नाही, मी उभीच होते.

निघताना सुनेनं फाटकापर्यंत येऊन विचारलं, लग्नाला याल नं? आईनं मान हलवली, म्हणजे येणार. 'येते' म्हणाली नाही. मागे वळून न पाहता चालू लागली, मी तिच्या मागं.

सौंसरहून पांढुर्ण्याची बस भरलेली होती. आईला तिघींच्या सीटवर मधली जागा मिळाली, मी खिडकीशी. आईच्या पलीकडे एक अनोळखी बाई, मांडीवर डबा, कुठंतरी मधल्या फाट्यावर उतरणारी. बस निघाल्यावर तिनं विचारलं, "कुठून येऊन राहिल्या, बाई?"

"मोहगावहून. बसायले गेली होती."

"कोण वारलं?"

"बहिणीचे मालक. करोनात." आई म्हणाली. "राहून गेलं होतं बसायचं."

बाईनं आईच्या कपाळाकडे पाहिलं, जिथं आता कुंकू नव्हतं. "आन् तुमच्या घरचे?"

"तेही. त्याच वेळी."

त्या बाईनं मांडीवरचा डबा खाली पायाशी ठेवला. पदर डोक्यावर घेतला, भर गर्दीत, आणि विचारलं, "कसं झालं?"

आईनं सुरू केलं. पहिल्यापासून. त्यायले दम लागत होता. ती शर्टाशी आली, गाडीशी आली, कंडक्टर वरून वाकून तिकीट मागत होता आणि ती त्याला हातानं थांब म्हणून चहाशी आली. मी खिडकीकडे तोंड केलं. दोन वर्षं मी हिला बोल म्हणून छळत होते, आणि आता ऐकवत नव्हतं. एक फाटा आला, बाईनं बाहेर पाहिलं, उठली नाही. बस पुढं निघाली. सांगता सांगता आई नागपूरपर्यंत गेली, भावाच्या फोनपर्यंत, दारात बांबू बांधले तिथपर्यंत, सतरंजी अंथरली तिथपर्यंत. "अन् कोणी आलं नाही," ती म्हणाली, आणि संपवलं.

त्या बाईनं आईच्या पलीकडून वाकून माझ्याकडे पाहिलं. "आन् ही?"

"पोरगी."

"म्हणजे तुझे वडील गेले नं, बाई," ती मला म्हणाली.

एवढंच. दोन वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, गल्लीत नाही, फोनवर नाही; मला सगळ्यांनी विचारलं ते आई कशी आहे, आईला सांभाळ, तू खंबीर आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं, बसमध्ये, सौंसरच्या शाळेची चार पोरं पुढच्या सीटवर बसलेली असताना. आईचा हात माझ्या पाठीवर आला. त्या बाईचाही आला.

पुढच्या फाट्यावर बाई उठली. तिचा फाटा मागंच राहिला होता, आता तिला तेवढं चालत मागं जावं लागणार होतं. तिनं डबा उचलला, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, काढला, आणि उतरून गेली. येते म्हणाली नाही.

बस सुटल्यावर आईनं पदर सारखा केला.

"पद्धतीची बाई होती," म्हणाली.